सीरम आणि तीन तास

यीस्ट म्हटलं की आपल्याला आधी पाव आठवतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र काचेची एक छोटी नळी येते, तळाशी अर्धा मिलिलिटर सीरम, आणि शेजारी घड्याळ. काही वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढल्याचा परिणाम, दुसरं काय :)

आमच्या घरातल्या बायका ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंच म्हणायच्या, तेही कुजबुजत. या तीन शब्दांमागे कॅन्डिडा ही यीस्ट असू शकते, ट्रायकोमोनास हा परजीवी असू शकतो, जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन असू शकतं, किंवा काहीच नसू शकतं. प्रत्येकाचं औषध वेगळं. केमिस्टकडून आणलेली ट्यूब यातल्या फक्त एकावर चालते. तेव्हा बघायला तर हवं. पण नेमकं काय बघायचं, हे ठरायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

१८३९ साली लांगेनबेक या जर्मन सर्जनला तापाने गेलेल्या एका रोग्याच्या शरीरात बुरशी दिसली. त्याला वाटलं, तापाचं कारण सापडलं! बुरशी खरी होती, आरोप चुकीचा. पुढे १८४१-४२च्या सुमारास स्टॉकहोममध्ये बर्ग आणि पॅरिसमध्ये ग्रुबी यांनी तान्ह्या मुलांच्या तोंडातला पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला, आणि तो दुधाचा साका नसून सजीव आहे हे पटवलं. १८४९मध्ये विल्किन्सनने योनिमार्गातही तीच गोष्ट दाखवली. नाव मात्र भटकत राहिलं. कधी ओइडियम, कधी मोनिलिया. शेवटी १९२३ साली क्रिस्टीन बेर्कहाउट या डच बाईंनी उट्रेख्टच्या आपल्या प्रबंधात ‘कॅन्डिडा’ हे नाव दिलं. कॅन्डिडा म्हणजे लखलखीत पांढरी आणि अल्बिकन्स म्हणजे पांढरी होत जाणारी. थोडक्यात ‘पांढरी पांढरट’. बारशाला आत्याने जरा जास्तच उत्साह दाखवला म्हणायचं.

लॅबमध्ये ज्याचं नाव आजही रोज घेतलं जातं तो साबूरो. पॅरिसचा त्वचारोगतज्ज्ञ, फावल्या वेळात शिल्पकार. त्याच्या काळात जो तो आपापल्या चवीचं खाद्य करून बुरशी वाढवायचा, आणि एकच बुरशी दोन शहरांत दोन रूपांत दिसायची. साबूरोने साखर, पेप्टोन आणि थोडा आंबटपणा यांचं प्रमाण ठरवून टाकलं. आंबटपणामुळे जिवाणू मागे राहतात. आज त्याच्या माल्टोजच्या जागी डेक्स्ट्रोज आलं, पण प्लेटवर नाव त्याचंच.

आता माझ्या आवडत्या भागाकडे. प्लेटवर पांढऱ्या मऊ वसाहती आल्या, तरी ती अल्बिकन्सच आहे की तिची कुणी चुलत बहीण, हे कसं ओळखणार? पूर्वी मक्याच्या पिठाच्या अगारवर ती वाढवून जाड भिंतीचे बीजाणू दिसायची वाट बघत, दोन-तीन दिवस तरी. १९६०मध्ये न्यूयॉर्कच्या क्लेअर टाशजियान आणि सहकाऱ्यांनी सोपा उपाय छापला. सीरममध्ये किंचित यीस्ट घाला, ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवा, थेंब काचेवर घेऊन बघा. अल्बिकन्स असेल तर पेशीतून सरळ कोंब फुटतो, मुळाशी आवळलेला नसतो. यालाच जर्म ट्यूब टेस्ट म्हणतात. फार वेळ ठेवलं तर ट्रॉपिकॅलिसही तसलेच चाळे करू लागते, म्हणून ते घड्याळ. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी तपासणी मला दुसरी आठवत नाही.

आणि या क्लेअरबाई कोण? त्याआधी त्या पेकिंगमध्ये होत्या, ‘पेकिंग मॅन’च्या अवशेषांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सेक्रेटरी. १९४१मध्ये ते अवशेष खोक्यांत भरले गेले, अमेरिकेला पाठवायचे म्हणून. डिसेंबरात युद्ध पेटलं आणि खोकी गायब झाली ती कायमची. ते अवशेष शेवटचे पाहणाऱ्यांत क्लेअर होत्या. १९७७मध्ये त्यांनी त्यावर कादंबरीही लिहिली. लाखो वर्षांपूर्वीची हाडं हरवलेली पाहिली आणि पुढे तीन तासांत यीस्ट ओळखायला शिकवलं. असं आयुष्य!

पण कोंब फुटला नाही तर? रिपोर्टवर ‘अल्बिकन्स नव्हे’ असं लिहून आम्ही पुढच्या नळीकडे वळत असू. बऱ्याचदा तेवढं पुरायचं. २००९मध्ये जपानमध्ये एका वृद्ध बाईच्या कानातून नवी यीस्ट सापडली, कॅन्डिडा ऑरिस. २०१३मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णालयांतल्या बारा रोग्यांत तीच असल्याचं छापलं. ही कोंब काढत नाही. त्या वेळची स्वयंचलित यंत्रंही तिला हेम्युलोनी म्हणून मोकळी व्हायची. फ्लुकोनाझोल तिच्यावर बहुधा चालत नाही, आणि खाटेच्या कठड्यावरूनही ती पुढच्या रोग्याकडे जाते. चुकीच्या नावाने तिला ओळखलं की औषधही चुकतं, आणि रक्तात यीस्ट असलेल्या माणसाकडे वाया घालवायला दिवस नसतात. आता माल्डी-टॉफ यंत्र प्रथिनांच्या वजनांवरून काही मिनिटांत नाव सांगतं, अर्थात त्याच्या यादीत ते नाव असलं तर. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑरिसला सर्वांत धोकादायक बुरशींच्या गटात टाकलं.

म्हणून नातेवाईक मंडळींना एकच सांगणं: अतिदक्षता विभागातल्या कुणाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये नुसतं ‘यीस्ट’ असं आलं, तर ‘कुठली?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. राग आला तर येऊ दे.

ही ऑरिस आली कुठून, याचा शोध चालूच आहे. २०२१मध्ये चौधरींच्याच गटाने ती अंदमानच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत सापडल्याचं छापलं. दलदलीतल्या एका नमुन्यावर औषधं अजून चालत होती.