व्यसनमुक्ती समुपदेशक : शिक्षण, सराव आणि मर्यादा

दारू सोडू पाहणाऱ्याला मदत करण्यासाठी मानसशास्त्राची मोठी पदवी असलीच पाहिजे काय, या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर गोव्यातच मिळाले आहे. 'संगाथ' या संस्थेने राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली; तिचे निष्कर्ष २०१७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आरोग्याला अपाय होईल इतके मद्यपान करणारे ३७७ पुरुष तीत होते. निम्म्यांना केंद्रातील डॉक्टरांची सेवा मिळाली, उरलेल्यांना तिच्या जोडीला समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले अनुक्रमे ४२ व १८ टक्के होते. या बैठका घेणाऱ्या स्थानिक समुपदेशकांपैकी कोणाकडेही मानसोपचाराची व्यावसायिक पात्रता नव्हती.

यावरून प्रशिक्षणाची गरज नाही असा अर्थ काढणे सपशेल चुकीचे ठरेल. या समुपदेशकांना आधी अभ्यासवर्ग आणि मग देखरेखीखाली उमेदवारी करावी लागली. बैठकांचे ध्वनिमुद्रण होई. सहकारी ते एकत्र बसून ऐकत आणि ठरावीक मोजपट्टीने गुण देत. पदवीविना त्यांना जे साधले ते या शिस्तीमुळे, आणि कित्येक पदवीधरांच्या वाट्याला नेमकी हीच शिस्त येत नाही. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी विषयांची यादी नंतर वाचावी. प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किती तास काम करायला मिळेल आणि ते कोण तपासणार, हे आधी विचारावे. चार दिवसांत घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्राची किंमत त्यावरून आपोआप कळते.

रूढ वाट समाजकार्य किंवा मानसशास्त्राच्या पदवी-पदव्युत्तर शिक्षणातून जाते. पुनर्वसन केंद्रांतील समुपदेशकपदासाठी सर्वसाधारणपणे सामाजिक शास्त्रांतील पदवी आणि अनुभव पाहिला जातो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ ही पायरी वेगळी. तिच्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि समुपदेशकाने ते बिरुद लावू नये. पदवीनंतरच्या विशेष प्रशिक्षणासाठी दिल्लीची राष्ट्रीय समाज सुरक्षा संस्था, बंगळुरूची निम्हान्स, गाझियाबाद येथील एम्सचे व्यसनोपचार केंद्र आणि चेन्नईचे टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान ही नावे महत्त्वाची. मराठी भाषकाला सर्वांत जवळचे वाटेल ते पुण्याचे 'मुक्तांगण'. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र उपचाराबरोबर कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचेही काम करीत आले आहे.

वर्गात शिकण्याचा पहिला धडा नेमका उलटा असतो : उपदेश न करणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली प्रेरणात्मक संवादाची पद्धत आज जगभर शिकवली जाते. 'दारू वाईट आहे' हे समोरच्याला ठाऊकच असते. ते ऐकवले की तो दारूची बाजू मांडू लागतो. कुशल समुपदेशक असे प्रश्न विचारतो, की बदलाची कारणे त्याच्याच तोंडून बाहेर पडावीत. हे ऐकायला सोपे, करायला अवघड. आपल्याकडे वडीलधाऱ्या सुरात समजावण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की ती मोडण्यातच प्रशिक्षणाचा बराच काळ जातो.

दुसरा धडा जिवाशी निगडित आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर काही तासांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन, उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. 'आजपासून बंद' अशी शपथ घ्यायला लावणारा अप्रशिक्षित हितचिंतक येथे घातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी समुपदेशकाला वापरता आलीच पाहिजे. चाळीसपैकी वीस किंवा अधिक गुण म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता, आणि अशा व्यक्तीला आधी डॉक्टरकडे पाठवायचे. गोव्यातील चाचणीतले पुरुष १२ ते १९ गुणांचे होते, हेही विसरता कामा नये.

त्यानंतर येते पुन्हा घसरण्याची तयारी. व्यसन परत जडणे हे अपयश न मानता त्यामागचे प्रसंग शोधायला शिकवतात. ते प्रसंग पुस्तकात मिळत नाहीत. हुर्राकाचा मोसम, फेस्ताची रात्र, बोटीवरून सुट्टीवर आलेल्या तारवटीचे रिकामे दिवस, यांची जाण येथल्या माणसालाच असते. म्हणून कोकणी व मराठीत सहज बोलता येणे ही येथे गुणवत्तेइतकीच पात्रता आहे.

गुप्ततेबाबत प्रशिक्षणार्थी नेहमी अडतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) ६४ अ कलमान्वये, अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेता येते. ही तरतूद माहीत असलेला समुपदेशक कुटुंबाची भीती बरीच कमी करू शकतो.

स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेकजण या कामाकडे वळतात. रुग्ण त्यांच्यावर पटकन विश्वास टाकतो, हे त्यांचे बळ. मात्र 'मी असा सुटलो, तूही तसाच सुटशील' हा आग्रह आणि रोज तीच कथा ऐकताना स्वतःची ओढ जागी होण्याचा धोका, या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाटेत असतात. त्यामुळे पुरेसा काळ व्यसनमुक्त राहिल्यानंतरच त्यांना रुग्ण सोपवावेत आणि त्यांच्यावरही इतरांइतकीच देखरेख असावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क उपलब्ध आहे.