ब्रिज : पहिले पान टाकण्यापूर्वी

गिरगावातील चाळींमधून गणपतीच्या जागरणाला मेंढीकोटचे डाव रंगत आले आहेत. भिडूचा अंदाज घेणे, हुकूम राखणे ही तयारी ब्रिजला उपयोगी पडते; पान झटकन टाकण्याची सवय मात्र महागात पडते. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये घडविलेल्या काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये उतारी होताच डमीची १३ पाने उघडी होतात. डिक्लेररने डाव आखायचा तो याच क्षणी.

समजा, बोली ‘तीन नो-ट्रम्प’ची, म्हणजे ९ हातांची आहे. इस्पिकचा एक्का, बदाम व किलवरचे एक्का-राजा असे ५ हात पक्के. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दहा, नऊ. डिक्लेररकडे चौकटची तीन हलकी पाने. चौकटचा एक्का निघाला की उरलेले ४ हात तिथेच मिळतात. डमीत शिरण्यासाठी तिथला बदामचा एक्का राखावा लागतो, हे पुष्कळजण विसरतात.

डावीकडून इस्पिकची उतारी येते. एक्का लगेच मारला, तर चौकटचा एक्का घेणारा इस्पिक परत खेळेल. पाने ५-३ वाटली गेली असल्यास ५ हात जाऊन डाव बुडेल. येथे सातचा नियम लावतात. डिक्लेररकडे इस्पिकची ३ आणि डमीत २, अशी ५ पाने सातांतून वजा केली की उरतात २. तितके हात सोडून तिसऱ्याला एक्का घ्यावा. आता उजवीकडच्या खेळाडूजवळ परतीला इस्पिकच नसते. वाटणी ४-४ असली, तरी एकूण ४ हातच जातात. पाच इस्पिके आणि चौकटचा एक्का दोन्ही डावीकडेच असतील, तर मात्र इलाज नाही.