देवी, लस आणि सोंगाड्या : बीड जिल्ह्यातील रात्रीच्या विनोदाचा एक ऐतिहासिक विचार

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः शासकीय आज्ञा, मृत्यूंचे आकडे आणि वैद्यकीय शोध यांचा आधार घेतात. हा आधार आवश्यक खराच. परंतु सुई घेऊन आलेल्या माणसापुढे खेडुताने दंड का पुढे केला, अथवा का मागे घेतला, या प्रश्नाचे उत्तर त्यात क्वचितच सापडते. ते शोधावयाचे तर दिवसभराचे काम आटोपल्यावर त्या खेडुताने रात्री काय पाहिले, काय ऐकले आणि तो कशाला हसला, याकडे वळले पाहिजे. २०२० ते २०२२ या काळातील करोनाच्या साथीत मुखपट्टी, विलगीकरण आणि लस हे विषय दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत आले, तेव्हा अनेकांना ती नव्या युगाची गोष्ट वाटली. वस्तुतः रोग, उपचार आणि हास्य यांची सांगड मराठवाड्यात निदान चारशे वर्षांची आहे. ती कशी घडली आणि २०२१ मध्ये ती कोठे तुटली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या विचारासाठी बीड जिल्ह्याचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. गोदावरी ही या जिल्ह्याची उत्तरसीमा. तिच्या पलीकडच्या तीरावर एकनाथांचे पैठण आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, नंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा शासनपालट पाहत आला. शिवाय येथील फार मोठा श्रमिकवर्ग दर वर्षी ऊसतोडणीसाठी गाव सोडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. परक्या भाषेतील शासन आणि सहा-सहा महिने रिकामे होणारे गाव, या दोन्ही गोष्टी लसीकरणाच्या इतिहासात निर्णायक ठरतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. देवीच्या रोगाला मराठीत स्वतंत्र असे नाव नाही. जी शक्ती रोग आणते असे मानले गेले तिचेच नाव रोगाला मिळाले. देवी ‘येत’ असत. येणाऱ्या पाहुण्याचा मान राखावयाचा असतो, त्याला हुसकून लावावयाचे नसते. त्यामुळे १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला भारतातील पहिली गोस्तनजन्य लस टोचली गेली, आणि पुढे हा उपचार मराठी मुलखात पसरू लागला, तेव्हा भाषेने त्याला ‘देवी काढणे’ असे म्हटले. या प्रयोगात कर्ता टोचणारा आहे. ज्याचा दंड टोचला जातो तो केवळ सोसणारा. ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ फोडातून वा जखमेतून झिरपणारा पातळ द्रव असा आहे. त्या शब्दाबरोबर ‘लस घेणे’ हा प्रयोग रूढ झाला आणि कर्ता बदलला. घेणारा आता स्वतः निर्णय करतो. करोनाच्या बाबतीत तर रोगाचेही क्रियापद बदललेले दिसते. करोना माणसाला ‘झाला’, जसा ताप होतो तसा. ‘आली’ ती लाट. ‘काढणे’ पासून ‘घेणे’ पर्यंतचा हा प्रवास केवळ व्याकरणाचा नाही. सोसणाऱ्याने कर्ता व्हावे, यासाठी त्याच्या भीतीला बोलावयास जागा मिळावी लागते. ती जागा शासकीय आज्ञेने दिली नाही. ती रात्रीच्या खेळाने दिली.

एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत या जागेचा पाया दिसतो. ‘रोडगा’ या भारुडात सासुरवाशीण भवानीला नवस बोलते आणि एकेका सासरच्या माणसाचा बंदोबस्त मागते. श्रोते हसतात ते नवस करणारीच्या मागण्यांना; भवानीला कोणी हसत नाही. ‘विंचू’ या रूपकात दंश, वेदना आणि उतारा असा क्रम आहे. तेथेही हसू येते ते दंश झालेल्याच्या आकांताने, आणि अखेरीस उतारा सांगितला जातो. देवतेची अवज्ञा न करता भयभीत माणसाला हसणे, आणि हसता हसता त्याला उपायाकडे नेणे, ही युक्ती येथे पूर्ण सिद्ध झालेली आहे. जेथे रोगाचेच नाव देवी होते, तेथे या युक्तीचे महत्त्व किती असावे हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट रचनेची. सोंगी भारूड, गोंधळ आणि तमाशा हे तीन प्रकार एकमेकांपासून भिन्न असले तरी तिन्हींत एक समान पात्र आढळते. भारुडात मुख्य सोंगाला अडवून ‘म्हणजे काय?’ असे विचारणारा साथीदार असतो. गोंधळात आख्यान लावणाऱ्या नाईकाला वेडेवाकडे प्रश्न घालणारा जोडीदार असतो. तमाशाच्या बतावणीत आणि वगात सोंगाड्या असतो. हे पात्र अडाण्याचे सोंग घेते आणि जो प्रश्न विचारण्याची श्रोत्याला लाज वाटते तो मोठ्याने विचारते. उत्तर मिळाले तरी त्याचे समाधान होत नाही. तो पुन्हा विचारतो. श्रोता हसतो, परंतु त्या हसण्यात स्वतःची ओळख पटलेली असते. मुख्य म्हणजे सोंगाड्या श्रोत्यांच्याच बोलीत बोलतो. ‘काय करायलास?’, ‘जायलोय’ ही रूपे बीडच्या पारावर विनोदी नसतात. ती सर्वांचीच असतात. विनोद प्रश्नात असतो, बोलीत नसतो.

निजामी राजवटीत वरिष्ठ कारभार उर्दूतून चाले. मराठी गावकऱ्याच्या दृष्टीने टोचणी ही परक्या भाषेतून येणारी गोष्ट होती, आणि परक्या भाषेला प्रतिप्रश्न करता येत नाही. शेजारच्या मुंबई इलाख्यात शासन आणि प्रजा यांच्यातील दुरावा १८९७ च्या प्लेगमध्ये टोकाला गेला. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याखाली घरझडत्या झाल्या, आणि २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगप्रतिबंधक लस स्वतःला टोचून घेतली होती. एकाच रोगाविरुद्धचे हे दोन मार्ग होते. एकात बळ होते, दुसऱ्यात उदाहरण. लोकनाट्याला दुसऱ्याच मार्गावर काम करता येते, कारण शिपाई दारात उभा असताना सोंगाड्याच्या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

स्वातंत्र्यानंतर शासनानेच हा मार्ग ओळखला. १९५४ मध्ये केंद्र सरकारने गीत व नाटक विभाग स्थापन केला. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी लोकनाट्याचा प्रचारासाठी उपयोग करण्याची वाट आधीच घालून दिली होती. त्यानंतर आरोग्य, कुटुंबनियोजन, साक्षरता हे विषय कलापथकांच्या वगांत आणि बतावण्यांत आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील अखेरचा रुग्ण आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. या यशाचे श्रेय प्रामुख्याने घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेवकांना आणि रुग्णशोधाच्या पद्धतीला आहे, हे निःसंशय. तथापि दार उघडण्यापूर्वी मन उघडावे लागते, आणि त्या कामी रात्रीच्या खेळाचा वाटा नाकारता येणार नाही.

करोनाने या परंपरेपुढे अभूतपूर्व पेच उभा केला. हसण्यासाठी माणसे जमावी लागतात, आणि हा रोग माणसे जमल्याने पसरत होता. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा लागू झाला. त्यापाठोपाठ चैत्रातील जत्रा बंद झाल्या आणि सलग दोन हंगाम तमाशाचे फड उभेच राहिले नाहीत. ११ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात एका दिवसात २४,८८६ नवे रुग्ण नोंदले गेले. १८ एप्रिल २०२१ रोजी हाच आकडा ६८,६३१ झाला. बीड जिल्ह्यात २६ मार्च ते ४ एप्रिल २०२१ अशी स्वतंत्र टाळेबंदी झाली. त्याच एप्रिलच्या अखेरीस अंबाजोगाई येथे एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले गेले. अशा दिवसांत विनोदाची अपेक्षा करणेही क्रूर वाटते.

परंतु विनोद करणारेच या साथीने नेले, हे नमूद केले पाहिजे. गोंधळी परंपरेतील गायक छगन चौगुले २१ मे २०२० रोजी गेले. ‘बुरगुंडा’ या भारुडासाठी सर्वत्र ओळखले जाणारे, व्यसनमुक्तीपासून स्वच्छतेपर्यंत अनेक विषय भारुडातून मांडणारे मराठवाड्यातील निरंजन भाकरे २३ एप्रिल २०२१ रोजी करोनाने मृत्यू पावले. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर २५ मे २०२१ रोजी गेल्या. लसीबद्दलच्या शंकांना पारावर उभे राहून उत्तर देऊ शकतील असे कलावंत ऐन गरजेच्या वेळी हरपले.

रिकाम्या झालेल्या या जागी दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाची प्रचारवाहने कलापथकांसह राज्यात निघाली खरी. परंतु लवकरच दुसरी लाट उसळली. उरला तो पडदा. त्यावर सायंकाळच्या बातम्यांत रुग्णसंख्या येई आणि थोड्या वेळाने त्याच पडद्यावर ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांसारखे कार्यक्रम लागत. भयभीत घरांना या कार्यक्रमांनी मोठा विसावा दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु पडद्यावर रचना बदलली होती. समोर गाव नव्हते. श्रोत्याचा प्रतिसाद नटाला मिळत नव्हता. शिवाय दूरचित्रवाणीच्या प्रहसनात ग्रामीण बोली हीच पुष्कळदा हास्याचे साधन होते. जो प्रश्न पारावर ‘आपला’ म्हणून ऐकला गेला असता, तो पडद्यावर अडाण्याचा प्रश्न म्हणून ऐकला जातो. त्याला हसणारा प्रेक्षक शहरातला, आणि ज्याला शंका आहे तो गप्प. लस घेतल्यास दोन वर्षांत मरण येते, पुरुषत्व जाते, अशा अफवा त्या उन्हाळ्यात भ्रमणध्वनीवरून पसरत होत्या, त्याही पुष्कळदा विनोदाच्याच वेषात. प्रश्न तोच होता. त्याला उत्तर देणारा जोडीदार मात्र नाहीसा झाला होता. जोडीदाराविना उरलेला सोंगाड्या म्हणजेच अफवा, असे म्हणावयास हरकत नाही.

हा पेच केवळ मराठवाड्याचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये स्टीफन कोल्बेर यांचा रात्रीचा विनोदी कार्यक्रम सुमारे पंधरा महिने भरल्या प्रेक्षागृहाविना चालला. १४ जून २०२१ रोजी तो पुन्हा प्रेक्षकांसमोर झाला, तेव्हा प्रवेशासाठी लस घेतलेली असणे आवश्यक होते. तेथे लसीने श्रोते परत आणले. बीडमध्ये गरज उलट होती : श्रोते जमल्याशिवाय लसीविषयीची शंका फिटणार नव्हती.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत काळाचे गणितही आड आले. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन मात्रांत निदान ८४ दिवसांचे अंतर ठेवणे आवश्यक झाले. राज्याची ‘कवच कुंडल’ ही विशेष मोहीम ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या काळात झाली. गाळप हंगाम १५ ऑक्टोबरपासून सुरू व्हावयाचा होता. मोहिमेत पहिली मात्रा घेतलेल्या मजुराची दुसरी मात्रा जानेवारीत येणार, म्हणजे तो दूरच्या कारखान्याच्या फडात, कोपीत राहत असताना. पहिल्या टोचणीनंतर ताप आला की एक दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. हा त्याचा खरा प्रश्न होता. तो अज्ञानाचा नव्हता, हिशेबाचा होता. पारावरील सोंगाड्याने तो नेमका विचारला असता. शहरी प्रहसनाला तो सुचलाच नाही, कारण त्या लेखणीला उचल ठाऊक नव्हती.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. रात्रीच्या विनोदाचे सामर्थ्य रोगाला हसण्यात नाही, आणि घाबरणाऱ्याला हिणवण्यात तर नाहीच. घाबरणाऱ्याचा प्रश्न त्याच्याच बोलीत, त्याच्याच समोर, उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे, यात ते आहे. ‘देवी काढणे’ पासून ‘लस घेणे’ पर्यंत भाषा आली. पण घेणारा खरोखर कर्ता व्हावयाचा तर त्याच्या शंकेलाही कर्तेपण द्यावे लागते. भविष्यात पुन्हा एखादी साथ येईल, तेव्हा शीतपेट्या आणि सुया यांच्याबरोबर या जुन्या जोडीची, विचारणाऱ्याची आणि सांगणाऱ्याची, सोय आधीच करून ठेवणे हे लोककलेच्या अभ्यासकांइतकेच आरोग्यखात्याचेही कर्तव्य ठरेल.