आखातात जाताना मोबाईल नंबर, बँक खाते आणि ओटीपीची व्यवस्था

कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांना आखाताची नोकरी नवी नाही. पूर्वी ड्राफ्ट टपालाने यायचा आणि अम्मी पासबुक घेऊन तालुक्याच्या बँकेत जायची. आता बँक, आधार, यूपीआय हे सगळे एका मोबाईल नंबराला बांधलेले आहे. तो नंबर बंद पडला तर पैसे खात्यात असूनही हाताला लागत नाहीत. म्हणून तिकीट काढण्याआधी या नंबराची सोय लावावी, असे आमचे सांगणे आहे.

भारतीय सिम सोबत न्यायचे आणि दोन सिमच्या फोनमध्ये ठेवायचे, हा सगळ्यात सोपा मार्ग. निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. बहुतेक कंपन्या रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत, पण प्लॅनची मुदत चालू असावी लागते. तिकडे पोचल्यावर या सिमचा डेटा बंदच ठेवा आणि पॅक नसेल तर त्यावर आलेला कॉल उचलू नका, नाहीतर बॅलन्स साफ होतो. दूरसंचार प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. मात्र यावर विसंबून राहू नये. नंबर हातात असतो, पण प्लॅन संपल्यावर काही दिवसांनी ओटीपी यायचे थांबतात. वर्षाचा रिचार्ज एकदम मारलेला बरा. बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर जाऊ लागतात.

बऱ्याच बँका अनिवासी खात्याला परदेशी नंबर जोडून देतात, काही ईमेलवरही ओटीपी पाठवतात. आधारचे तसे नाही. त्याचा ओटीपी जोडलेल्या भारतीय नंबरावरच येतो.

आता खात्याकडे येऊ. नोकरीसाठी देश सोडला की ‘फेमा’ कायद्याने माणूस अनिवासी ठरतो आणि त्याचे साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. आपल्याकडे वीस-वीस वर्षे साध्याच खात्यात पगार पाठवणारे कितीतरी आहेत, पण चालते म्हणून ते नियमात बसत नाही. गावचे भाडे, पेन्शन, जमिनीचे उत्पन्न एनआरओमध्ये जमा होते. त्याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा कर आधीच कापला जातो. परदेशातली कमाई एनआरईमध्ये टाकावी. तिथल्या व्याजावर भारतात कर नाही आणि रक्कम केव्हाही परत बाहेर नेता येते. ज्यांना व्याज घ्यायचेच नाही त्यांच्यासाठी ही दोन्ही खाती चालू खाते म्हणूनही उघडता येतात. फक्त किमान शिल्लक किती ठेवावी लागेल ते आधी विचारून घ्या.

जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने १० देशांच्या मोबाईल नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआय खुले केले. त्यात सौदी अरेबिया, अमिरात, ओमान आणि कतार होते. कुवेत आणि बहरीन नव्हते. तुमची बँक ही सोय देते का, ते शाखेत विचारावे.

खरी गुंतागुंत घरी असते. नवरा दुबईत, त्याचे सिम आणि एटीएम कार्ड बायकोकडे, पिन कागदावर लिहिलेला. असा संसार अनेक घरांत चालतो. बँकेच्या नियमांत हे बसत नाही, आणि काही गडबड झाली तर जबाबदारी खातेदारावर येते. त्याऐवजी बँकेत ‘मँडेट’ देऊन बेगमला किंवा अब्बूंना व्यवहाराचा अधिकार द्या. त्यांना घरखर्चासाठी पैसे काढता येतात आणि चेकवर स्वतःच्या नावाने सही करता येते. एनआरई खात्यात जवळच्या नातेवाइकाला ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने जोडता येते. खातेदार हयात असेपर्यंत तो मुखत्यार म्हणूनच व्यवहार करू शकतो.

खातेदाराचा इंतकाल झाला की मँडेट आणि मुखत्यारपत्र दोन्ही तिथेच संपतात. त्यानंतर कार्ड वापरून पैसे काढणे बेकायदा आहे, आणि वारसांत भांडणे लागतात ती बहुधा इथूनच. नॉमिनीचे नाव लावलेले असेल तर बँक पैसे त्याच्या हाती देते. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्याकडे ती रक्कम अमानत असते, आणि बायको, मुली, आई यांचे हिस्से शरीअतनुसार त्यांना मिळालेच पाहिजेत. भावाला नॉमिनी केले म्हणून विधवेचा हक्क जात नाही. हे घरातल्या बायकांना ठाऊक असायला हवे.

हुंडीबद्दल थोडेसे. दर चांगला मिळतो म्हणून अनोळखी माणसाकडून घरच्या खात्यात रक्कम घेऊ नका. ती सायबर फसवणुकीची निघाली तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खाते गोठवते, आणि महिन्याच्या किराण्यालाही पैसे उरत नाहीत. ओटीपी सांगून फसवणूक झालीच, तर घरच्यांनी लगेच १९३० वर फोन करावा.

अमिरातीत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, कॉल साधारणपणे लागत नाही; लोक परवानगी असलेले बोटिमसारखे अॅप वापरतात. व्हीपीएनचा आडमार्ग महाग पडू शकतो. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी तो वापरला तर तिथल्या कायद्यात किमान पाच लाख दिरहम दंड आहे.

कायमचे परतताना हेच सगळे उलट दिशेने करावे लागते. सौदीत सिम आणि बँक खाते इकाम्याला जोडलेले असते. कुवेतमध्ये सिव्हिल आयडीला. ओळखपत्राची मुदत संपली की खाते अडकते. म्हणून शेवटचा पगार आणि सेवासमाप्तीची रक्कम जमा झाल्याची खात्री करा, ती एनआरईत पाठवा, खाते बंद केल्याचा कागद घ्या आणि तिथले सिम त्यानंतरच रद्द करा. भारतात आल्यावर बँकेला कळवून एनआरई खाते पुन्हा निवासी करून घ्यावे लागते.