काताचा डाग

महाडच्या एसटी स्टँडबाहेर टपरीवाला तुमच्या पानावर कात फासतो. तो ओला, विटकरी रंग डोळ्यांत साठवा आणि दीडशे वर्षं मागं चला.

सावित्रीच्या खोऱ्यात, पोलादपूरच्या अंगाला, खैराच्या रानात थंडी पडली आहे. तुम्ही कातकरी आहात. कात काढणारा तो कातकरी. नाव धंद्यावरूनच पडलेलं. कुऱ्हाडीनं साल आणि वरचं पांढरं लाकूड तासलंत की आतला तांबडा गाभा लागतो. त्याच्या ढलप्या बायको मडक्यात उकळते. पाणी लाल होतं, मग काळपट, मग आटून चिकट. धुरानं डोळे चुरचुरतात, बोटं रंगतात, दोन दोन दिवस धुतली तरी डाग जात नाही. वाळल्या वड्या व्यापाऱ्याला घालायच्या. तो मापात मारतो, पण निदान तुम्हाला चोर म्हणत नाही.

आता १८७८ उलटलं आहे. जंगलाचा नवा कायदा आला, रान राखीव झालं. झाड तेच, कुऱ्हाड तीच. गार्ड कुऱ्हाड काढून घेतो आणि तुम्हाला मामलेदारापुढं नेतो, मॅजिस्ट्रेटही तोच. बोटांवरचा डाग आता मुद्देमाल.

तिकडं उत्तर भारतात १८७१पासून आणखी एक कायदा आहे, गुन्हेगार जमातींचा. अख्खी जमात गुन्हेगार जाहीर करायची, मग जन्मलेलं पोरही गुन्हेगार. हजेरी लावायची, गाव सोडायला परवाना. १९११नंतर तो मुंबई इलाख्यातही आला.

महाडात २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे डॉ. आंबेडकर पुढच्याच वर्षी सरकारी समितीवर बसले : अस्पृश्य आणि आदिवासींची स्थिती तपासायला. अध्यक्ष स्टार्टेसाहेब. त्यांची मूळ नोकरी? गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी. आदिवासींचं दुखणं समजून घ्यायला सरकारला माणूस सापडला तोही त्या खात्यात!

१९५२ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, १९५९ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा आला. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, हे सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ला सांगावं लागलं. २०१९च्या सरकारी आकड्यांत, देशभरात शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी १३.६ टक्के आदिवासी होते. लोकसंख्येत ते ८.६ टक्के.

बरं, आता परत या. पण कातकरी म्हणूनच. कात कधीच सुटला. दिवाळीनंतर वीटभट्टी, पावसाळ्यात लावणी. गावात पाण्याचा पंप चोरीला जातो, गाडी आधी वाडीवर येते. तुम्ही आत.

कोर्टात जामीन मंजूर होतो. बायकोचा जीव भांड्यात पडतो. ती निघायला लागते, तेवढ्यात वकील थांबवतो.

"जामीनदार लागेल. सात-बारा असलेला माणूस आणा."

ती वाडीतली घरं मनात मोजते. सगळी मिळून एकाच सात-बाऱ्यावर आहेत, आणि त्यावर नाव शेटचं आहे. ज्याचा पंप गेलाय, त्याचं.