बिनधुराची चूल आणि सरकारी अनुदान

चुलीलाही इतिहास आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' निघाली. चूल मातीचीच, पण धुराला बाहेर जावयास धुराडे. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला. अमेरिकेत २०२५ अखेरपर्यंत उत्तम प्रतीची लाकडाची शेगडी घेणाऱ्यास आयकरात सूट मिळे. आपल्या खेड्यात आयकर भरणारे किती? म्हणून येथे चुलीच्या किमतीतच अनुदान दिले, बाकीचे पैसे घरच्यांनी घालावयाचे. देशभर तीन कोटींवर चुली बसल्या, असा सरकारी आकडा आहे.

माझ्या आईकडेही तशी चूल होती. वरण-भात छान होई, डोळे चुरचुरत नसत. पण तिच्या तोंडात पऱ्हाट्या मावेनात, मोडूनमोडून घालाव्या लागत. आणि भाकरी शेकायला पुढे विस्तव ओढावा तर जागाच नाही! बांधून देणाऱ्याने कधी भाकरी थापली नसावी. शिवाय धुराडी काजळीने तुंबत, भेगा पडत, आणि अनुदान बहुतेक चूल बसविण्यापुरतेच. पुढची देखभाल बाईच्या माथी.

२००२ साली केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आला. तरी सिलिंडर संपले की आंघोळीच्या पाण्याला नि भाकरीला कितीतरी घरी चूल पेटतेच, आणि तीही जुनीच, धुराची.