विजयदुर्गावरचे ओटे आणि हेलियमचा जन्मदाखला

दरवर्षी १८ ऑगस्टचा दिवस जवळ आला की समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, विजयदुर्ग किल्ल्यावरून, १८६८ साली नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, असे त्यात लिहिलेले असते. पुरावा म्हणून किल्ल्यावरील दगडी चौथऱ्यांचे छायाचित्र जोडलेले असते. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. या दिवशी किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो आणि शाळेतील मुलांना तेथे नेऊन ही कथा सांगितली जाते.

ओटे खरे आहेत, साहेब खरा आहे, ग्रहणही खरे आहे. मात्र या तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकयर विजयदुर्गावर नव्हता, इतकेच नव्हे तर तो हिंदुस्थानातही नव्हता. तो विजयदुर्गावर आला तो त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. हा घोटाळा कसा झाला हे पाहू गेल्यास मूळ इतिहास दंतकथेपेक्षा अधिक चमत्कारिक आणि हिंदुस्थानशी अधिक घट्ट बांधलेला असल्याचे दिसते.

१८६८ चे ग्रहण असाधारण होते. खग्रास स्थितीचा सर्वाधिक काळ ६ मिनिटे ४७ सेकंद इतका होता, आणि सावलीचा पट्टा हिंदुस्थानच्या द्वीपकल्पावरून विजापूर, जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण असा जात होता. त्याच सुमारास खगोलशास्त्राच्या हाती एक नवे साधन आले होते : वर्णपटदर्शक. प्रत्येक मूलद्रव्य तापून प्रकाशू लागले की वर्णपटात आपापल्या ठरलेल्या जागी रेषा उमटवते, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या आसपास दाखवून दिले होते. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या नेमक्या कशाच्या, हे या साधनाने प्रथमच विचारता येणार होते. ऑगस्ट महिना भर पावसाळ्याचा, तरीही युरोपातून मोहिमा निघाल्या.

फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी उतरला. ब्रिटिशांच्या वतीने मेजर टेनंटचे पथकही गुंटूरलाच होते. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला गेला. त्याचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी निजामाच्या मुलुखातील वनपर्ती येथे स्वतंत्र तळ सांभाळला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. सावलीच्या पुढच्या टप्प्यावर सयामचा राजा मोंगकुट स्वतः खगोलगणिताचा अभ्यासक होता. ग्रहण पाहण्यासाठी त्याने समुद्रकाठच्या वाह को या दलदलीच्या जागी परदेशी पाहुण्यांना आमंत्रण दिले. ग्रहण उत्तम दिसले, पण तेथून परतल्यावर राजाला हिवतापाने गाठले आणि १ ऑक्टोबरला त्याचा अंत झाला.

हिंदुस्थानातील निरीक्षकांना सूर्यज्वालांच्या वर्णपटात काही झळझळीत रेषा दिसल्या. ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत आणि त्यात मुख्यतः हायड्रोजन आहे, हे स्पष्ट झाले. त्यांतच एक पिवळी रेषाही होती. सोडियमच्या वर्णपटात पिवळ्या भागात अगदी जवळजवळ दोन रेषा असतात. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. तेव्हा ही पिवळी रेषा सोडियमचीच असावी, असा समज होणे साहजिक होते. हर्शेलला ती मोजमापाच्या मर्यादेत सोडियमच्या जागीच वाटली. पॉग्सनने मात्र ती रेषा डी च्या जागी किंवा तिच्या जवळ, अशी शंका राखून नोंद केली. ही शंका मोलाची होती. दुर्दैवाने त्याचा अहवाल मद्रासमध्येच छापला गेला आणि युरोपच्या विद्वत्सभांपर्यंत त्याचा आवाज पोहोचला नाही. ताऱ्यांच्या तेजस्वितेची जी प्रत आजही जगभर वापरली जाते, तिचे गणित ज्याने बसवले, त्या माणसाच्या वाट्याला हेलियमच्या कथेत फार तर एखादे वाक्य येते.

जान्सेनचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्याने वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर नेली आणि ज्वालांच्या रेषा त्याला स्वच्छ दिसल्या. जे पाहण्यासाठी माणसे समुद्र ओलांडून येत आणि ढग आले तर हात हलवत परत जात, ते आता रोज पाहता येणार होते. गुंटूरचा खरा शोध हा आहे. जान्सेनने या पद्धतीचे वृत्त काकिनाड्याहून १९ सप्टेंबरच्या पत्राने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. पिवळी रेषा एखाद्या नव्या मूलद्रव्याची आहे, असा दावा त्या पत्रात नव्हता.

इकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर हा युद्धखात्यात कारकुनी करणारा हौशी खगोलनिरीक्षक याच कल्पनेचा पाठपुरावा करीत होता. ग्रहणाशिवाय ज्वालांचा वर्णपट पाहता येईल, असे त्याला आधीपासून वाटत होते, पण हवे तसे उपकरण तयार होऊन हाती पडायला फार उशीर झाला. अखेर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने इंग्लंडातूनच, कोणत्याही ग्रहणाविना, त्या रेषा पाहिल्या. त्याची वार्ता आणि जान्सेनचे काकिनाड्याचे पत्र, दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, काही मिनिटांच्या अंतराने पोहोचली. एक महिनाभर जहाजातून आलेली, दुसरी खाडी ओलांडून आलेली. अकादमीने श्रेय दोघांना वाटून दिले आणि १८७२ मध्ये दोघांचे मुखवटे एकाच बाजूला कोरलेले पदक काढण्यात आले.

पिवळी रेषा सोडियमची नाही हे लॉकयरने सावकाश, पुनःपुन्हा मोजून निश्चित केले. ग्रहणातील काही मिनिटांच्या धांदलीत जे शक्य नव्हते, ते रोजच्या निरीक्षणामुळे शक्य झाले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, तर ही ५८७.६ नॅनोमीटरला होती. तिला डी-३ असे नाव मिळाले. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी तिची जागा जुळेना. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड याच्याबरोबर लॉकयरने प्रयोगशाळेत पुष्कळ खटाटोप केला, तरी ती रेषा उमटली नाही. सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हा शब्द पुढे आला. १८७१ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरा येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन याने तो जाहीरपणे उच्चारला. नावाचा शेवट सोडियम, कॅल्शियम अशा धातूंच्या धर्तीवरचा आहे. म्हणजे आज फुग्यात भरला जाणारा हा वायू बारशाच्या वेळी धातू समजला गेला होता.

पुढची चोवीस वर्षे हेलियम हे नाव अनेकांच्या थट्टेचा विषय होते. हाती न लागलेल्या, तोलून न पाहिलेल्या द्रव्यावर रसायनशास्त्रज्ञ विश्वास ठेवणार कसे ? १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से हा आरगॉनच्या शोधात क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया करीत होता. अशाच खनिजातून निघालेला वायू अमेरिकेतील हिलब्रँड याने आधीच गोळा केला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता. रॅम्सेने वायूचा वर्णपट पाहिला तेव्हा सोडियमच्या शेजारी एक अनोळखी पिवळी रेषा चमकत होती. नमुने क्रुक्स आणि लॉकयर यांच्याकडे गेले आणि रेषा डी-३ असल्याची खातरी पटली. सत्तावीस वर्षांपूर्वी सूर्याच्या कडेवर पाहिलेली ती रेषा लॉकयरला आता काचेच्या नळीत दिसत होती. खनिजात हा वायू कुठून आला, याचे उत्तर किरणोत्साराच्या शोधानंतर मिळाले : युरेनियम आणि थोरियम यांच्या विघटनातून हेलियम सतत जन्मत असतो. बंगालमधील बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांतून वर येणाऱ्या वायूतही तो सापडतो.

आता विजयदुर्ग. लॉकयर हिंदुस्थानात आला तो आधी १८७१ मध्ये. त्या वर्षीच्या १२ डिसेंबरच्या खग्रास ग्रहणासाठी त्याचा तळ केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर होता. त्याच ग्रहणासाठी जान्सेन निलगिरीतील शोलूरला होता. त्याच्या आदल्याच वर्षी प्रशियन सैन्याच्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसमधून हा गृहस्थ चक्क फुग्यात बसून निसटला होता, तेही अल्जेरियातील ओरान येथे ग्रहण पाहता यावे म्हणून. तेथे ऐन वेळी ढग आले आणि काहीच दिसले नाही.

पुढे २२ जानेवारी १८९८ रोजी सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावर उतरून देशावर चढला. या वेळी लॉकयरने विजयदुर्ग निवडला. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमेनी’ या जहाजावरील खलाशी आणि अधिकारी त्याच्या मदतीला होते. जड उपकरणे हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागतात. साहेबाचे ओटे ते हेच. त्याच दिवशी सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे पथक होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मोहीमही होती. नायगमवाला पूर्वी इंग्लंडमध्ये लॉकयरला भेटले होते आणि त्याच्या सल्ल्यावरूनच वर्णपटाच्या अभ्यासाकडे वळले होते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या ग्रहणात शोध सूर्याच्या वातावरणाच्या थरांचा आणि प्रभामंडलाचा चालला होता. हेलियम तोवर सूर्यात सापडून तीस आणि पृथ्वीवर सापडून तीन वर्षे होत आली होती.

दंतकथा कशी घडली असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. लॉकयर म्हणजे हेलियम, हे जगाला ठाऊक. लॉकयर विजयदुर्गावर येऊन गेला, हे गावाला ठाऊक. हेलियम १८६८ च्या ग्रहणात हिंदुस्थानातून दिसला, हे पुस्तकात छापलेले. तीन खऱ्या गोष्टी एकत्र बांधल्या की चौथी खोटी गोष्ट आपोआप तयार होते, आणि ती खऱ्यापेक्षा सुबक असल्यामुळे लवकर पसरते. पुस्तकांतील ‘जान्सेनने गुंटूरला हेलियम शोधला’ हे वाक्यही असेच घाईत घडवलेले आहे.

या दुरुस्तीने विजयदुर्गाचे काही कमी होत नाही. उलट, १८९८ च्या हिवाळ्यात किल्ल्याच्या तटाआड आरमारी खलाशी घेऊन सूर्याचा वर्णपट टिपायला बसलेला साठीतला लॉकयर हे दृश्य दंतकथेइतकेच देखणे आहे आणि त्याला कागदोपत्री आधार आहे. तोटा होतो तो दंतकथेनेच. तिच्यापायी मच्छलीपट्टणचा शंकेखोर पॉग्सन, वनपर्तीचे रघुनाथाचारी, जमखंडीचा हर्शेल आणि जेऊरचे नायगमवाला हे सगळे अंधारात राहतात. शोध एका माणसाला, एका दिवशी, एका जागी लागतो, असा चुकीचा धडा मुलांना मिळतो तो वेगळाच. हेलियमचा जन्मदाखला एका गावच्या दप्तरात नाही. त्याची पहिली ओळ आंध्रच्या किनाऱ्यालगत लिहिली गेली, नाव इंग्लंडमध्ये पडले आणि शिक्का एका खनिजाच्या तुकड्याने मारला. किल्ल्यावरच्या फलकावर २२ जानेवारी १८९८ ही तारीख ठळकपणे कोरली गेली, तर ओट्यांना त्यांचा खरा इतिहास परत मिळेल.